समुद्राची रोजकीर्द

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर दोन वह्या मांडायची पद्धत आहे. एक सरत्या सालची, दुसरी कोरी. वडील एका पेढीवर दिवाणजी होते; पेढी गेली, वडीलही गेले, पण वह्या राहिल्या. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले की वडील पहिली ओळ लिहीत : ‘मागील शिल्लक’. ती लिहिल्याखेरीज ते दुसरा आकडा मांडत नसत. म्हणत, “आरंभी हातात काय होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला नफा कळत नाही आणि नुकसानही कळत नाही.”

मीही जन्मभर आकडेच लिहिले. बोईसरच्या एका कारखान्यात तीस वर्षे भांडाराची कारकुनी केली आणि निवृत्त होऊन बोरिवलीला मुलाकडे राहायला आलो. गेल्या दिवाळीनंतर जुन्या मित्राला भेटायला डहाणू लोकलने बोईसरला गेलो होतो. मित्र म्हणाला, “चल, घिवलीला जाऊ. ताजे बोंबील घेऊ.” तेवढ्या निमित्ताने गेलो आणि एक प्रश्न गळ्यात घेऊन परत आलो. त्याचेच हे उत्तर आहे. जमले की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

घिवली हे समुद्रावरचे मासेमारांचे गाव. वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, ओहोटीने होड्या चिखलात कलंडलेल्या, बायका सावलीत बसून मासळी निवडताहेत. अशी गावे आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. पण इथे मान जरा वळवली की तारापूरच्या अणुवीज केंद्राचे उंच धुराडे दिसते. डोळे मिटून नुसता वास घेतला तर शंभर वर्षांपूर्वीचे गाव. डोळे उघडले तर अणुयुग!

मित्राच्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल भेटले. ऐंशीच्या घरातले, पण जाळ्याची गाठ अजून न बघता मारणारे. बोलता बोलता म्हणाले, “भाऊ, इथली मासळी खायला नेणारे पुष्कळ, पण मोजायला नेणारेही आहेत, ठाऊक आहे तुम्हाला?”

“मोजायला म्हणजे?”

“प्रयोगशाळेतली माणसं. मासळी नेतात, पाणी नेतात, गाळ नेतात, शेवाळसुद्धा नेतात. मी बापाच्या होडीवर जायला लागलो तेव्हापासून बघतोय. विचारलं तर सांगतात, सगळं ठीक आहे, विशेष काही नाही.” तांडेलांनी गाठ आवळली. “पन्नास वर्षं मोजून विशेष काही सापडत नाही, तर मोजतात कशाला?”

मी हसलो, पण उत्तर देता आले नाही. जन्म आकड्यांत गेलेल्या माणसाला हे शोभले नाही. घरी येऊन शोध घेऊ लागलो.

तारापूरच्या केंद्राचे बांधकाम १९६४ च्या सुमारास सुरू झाले. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या फेब्रुवारीत पेटल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची वीज रीतसर मिळू लागली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन मोठ्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ साली चालू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. आता मौजेची गोष्ट अशी की, भट्टी पेटण्याच्या आधीच मोजणी सुरू झालेली होती. अणुवीज केंद्र उभे राहते तिथे एक पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती चालवते भाभा अणुसंशोधन केंद्र. आणि केंद्र चालू होण्यापूर्वी आसपासची हवा, पाणी, माती, धान्य, दूध आणि मासळी तपासून ठेवणे हे तिचे पहिले काम.

भट्टीच पेटली नव्हती, तर मोजायचे काय? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर ऐकून अंगावर काटा आला. तोवर जगाच्या वातावरणात शेकडो अणुस्फोट होऊन गेले होते. १९६१-६२ या दोन वर्षांत तर त्यांचा कहर झाला होता. त्यांची धूळ वाऱ्याने पृथ्वीभर पसरली आणि पावसाबरोबर खाली आली. सीझियम १३७ नावाचा त्यातला पदार्थ निम्मा व्हायलाच तीस वर्षे लागतात. म्हणजे तारापूरची भट्टी पेटण्यापूर्वीच परक्यांच्या बाँबची राख आमच्या समुद्रात येऊन पडलेली होती. तिची नोंद आधी झाली नसती, तर उद्या सापडलेला प्रत्येक कण कोणाच्या खात्यावर घालायचा? वडिलांची ‘मागील शिल्लक’ ती हीच!

मोजण्याची रीतही मोठी चतुराईची आहे. सगळी हवा कोणी चाळू शकत नाही. म्हणून निसर्गाने ज्यांना गोळा करण्याचे काम नेमून दिले आहे, त्यांनाच विचारायचे. शिंपल्या दिवसभर पाणी गाळतात, तेव्हा पाण्यात न सापडणारी गोष्ट शिंपलीत सापडते. किरणोत्सारी आयोडीन हवेतून गवतावर बसले, तर शेळी दिवसभर चरून ते गोळा करते आणि ते तिच्या गळ्यातल्या ग्रंथीत साठते. म्हणून ती ग्रंथी तपासायची. जगभर माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट किरणोत्सार मिळत असतो. त्यावर केंद्रामुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला वर्षाला एक मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त येता कामा नये, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. ती पाळली जाते की नाही, हे सांगणार कोण? तर या वह्या.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर घरातही कधी बोललो नव्हतो.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कारखान्याच्या आवारात तेलाची मोठी टाकी होती. रोज संध्याकाळी तिच्यात काठी बुडवून तेलाची पातळी वहीत लिहायची, हे माझे काम. गणपतीचे दिवस होते. चार दिवस मी टाकीपाशी फिरकलो नाही. रोजचा खप ठाऊक होता. मागच्या आकड्यातून तेवढा वजा करीत चार ओळी टेबलाशी बसून भरून टाकल्या. अक्षर सुरेख, आकडे ऐटबाज! पाचव्या दिवशी काठी घेऊन गेलो तर पातळी एकदम खाली. मी मुकाट्याने खरा आकडा लिहिला.

चौकशी झाली. साहेबांनी वही पाहिली. चार दिवस सगळे सुरळीत आणि पाचव्या दिवशी मोठी तूट. म्हणजे चोरी मधल्या एका रात्रीतच झाली, हे वहीवरून उघड दिसत होते. त्या रात्री पहाऱ्यावर होता त्या राखणदाराला कामावरून काढले. तो वारंवार शपथ घेऊन सांगत होता. पण वहीपुढे शपथ टिकत नाही. तूट पाच दिवसांतल्या कोणत्या रात्रीची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि कोणाला ठाऊक नाही, एवढे मात्र मला एकट्याला ठाऊक होते. मी बोललो नाही. नोकरी नवी होती, लग्न ठरत होते. कारणे पुष्कळ होती. त्या चार ओळी मी कोऱ्या ठेवल्या असत्या, तर मला बोलणी बसली असती आणि त्या माणसाची भाकरी राहिली असती.

तेव्हापासून मोजणाऱ्या माणसांविषयी मला कुतूहल वाटत आले, आणि थोडी भीतीही. तांडेलांच्या प्रश्नाचा माग काढताना मी जुन्या कुलाब्यापर्यंत गेलो.

आज आपण कुलाब्याला बसने जातो, म्हणून ते एकेकाळी बेट होते हे ध्यानातही येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा बांधली तेव्हा ते खरोखरीचे बेट होते. मुंबईला जोडणारा रस्ता १८३८ चा. भरतीच्या वेळी पलीकडे अडकून पडायला होई. १८४१ पासून तिथे हवामानाचे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेऊ लागले. प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी हे काम करीत, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे ज्यांना महाराष्ट्र ‘केरूनाना’ म्हणून ओळखू लागला, ते हेच थोर गणिती. रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात काटा पाहायचा, आकडा लिहायचा आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची. यात कसला पराक्रम?

पराक्रम पुष्कळ वर्षांनी दिसतो. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या वादळात कुलाब्याचे वेधक काटा पाहून आकडे लिहीत राहिले. त्या आकड्यांचे मोल त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. परंतु २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तीच पाने उघडली आणि ते वादळ किती मोठे होते याचा हिशेब मांडला. आज आकाशात उपग्रह आहेत, घरोघर वीज आहे. तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा विचार करताना जगाला कुलाब्याची ती वही लागते.

दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाचे काटे बिघडणार! तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांचे बिऱ्हाड अलिबागला हलवायचे ठरविले. १९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. पण जुनी त्याच दिवशी बंद केली नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. दोन आकड्यांत फरक किती पडतो ते पाहिले, आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जावी, तसे जुने आकडे नव्या आकड्यांना नीट पोहोचवून आले.

समुद्राचेही असेच. मुंबईच्या बंदरात अपोलो बंदरापाशी १८७८ पासून भरती-ओहोटीची पातळी मोजली जात आहे. हिंदी महासागराच्या काठावर एवढी जुनी नोंद क्वचितच सापडेल. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते आणि उतरते. आणि शंभरावर वर्षांच्या नोंदीतून निघालेला निष्कर्ष काय? समुद्र सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास वर आला. रोज चार मीटर हलणाऱ्या पाण्यात वर्षाला एक मिलिमीटर शोधायचा! दहा वर्षांच्या वहीत तो सापडायचा नाही. आजोबांनी लिहावे, बापाने लिहावे, तेव्हा नातवाला तो दिसावा. जगभरची पातळी मोजणारे उपग्रह १९९३ पासून वर्षाला तीन मिलिमीटरांहून अधिक वाढ दाखवीत आहेत. तो वेग वाढला आहे, असे आपण म्हणतो ते या जुन्या वह्यांच्या जोरावर.

जगातली सर्वांत प्रसिद्ध रोजकीर्दही एका बेटावरच आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायॉक्साइड मोजायला सुरुवात केली. गावापासून, धुराड्यांपासून दूर, म्हणून ते बेट. पहिला आकडा होता दहा लाख भागांत ३१३. दरवर्षी तो मे महिन्यापर्यंत चढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरापर्यंत उतरतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात तो शोषून घेतात. पृथ्वी श्वास घेते, तो तिथल्या कागदावर उमटला! पण उतरताना तो मागच्या वर्षीइतका खाली येत नाही. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली.

त्या वहीतही एक कोरी जागा आहे. १९६४ च्या वसंतात सरकारी पैसा तुटला आणि काही महिने मोजणी बंद पडली. ती जागा पाहून मला माझ्या चार ओळी आठवल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात ज्वालामुखी जागा झाला, लाव्ह्याने रस्ता तोडला, वीज तोडली. तेव्हा मात्र महिना उलटायच्या आत शेजारच्या मौना केआ पर्वतावर यंत्रे मांडून मोजणी पुन्हा सुरू केली. कोऱ्या जागेची किंमत तोवर कळली होती.

आपल्याकडेही असा एक यत्न झाला. गोव्यात काणकोणच्या बाजूला काब द रामचा किल्ला समुद्रात घुसलेला आहे. तिथे १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवीत. पावसाळ्यात वारा दूर दक्षिणेच्या महासागरावरून येतो, तेव्हा बाटलीत स्वच्छ हवा. हिवाळ्यात तो जमिनीवरून येतो, तेव्हा त्याच बाटलीत आपल्या चुली आणि गिरण्या. हे काम २००२ साली थांबले आणि २००९ पासून काही वर्षे पुन्हा चालले. मधली सात वर्षे मात्र निसटली. ती हवा आता कोणत्याही किमतीला विकत मिळणार नाही.

कोणी म्हणेल, मुंबईची वेधशाळा आहे, गोव्याची आहे, मग घिवलीला वेगळी वही कशाला? त्याचे उत्तर आपण मुंबईकरांनी द्यावे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३! एकाच वेधशाळेवर विसंबलो असतो, तर मुंबई बुडाली हे कागदावर खरे वाटले नसते.

एवढी शिदोरी घेऊन मी या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा घिवलीला गेलो. तांडेलांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे ‘विशेष काही नाही’ हाच आकडा,” ते म्हणाले.

“होय. आणि तो रोज लिहावा लागतो.”

“बरं. मग आता मला हे सांगा. माझ्या लहानपणी या डोळीत पडायचे तेवढे बोंबील आता पडत नाहीत. कोणी म्हणतं केंद्राच्या गरम पाण्यानं, कोणी म्हणतं कारखान्यांच्या सांडपाण्यानं, कोणी म्हणतं मोठ्या ट्रॉलरनी पोरं-पिल्लंसुद्धा ओरबाडून नेली. समुद्रच तापलाय असं रेडिओवर सांगतात. कोणाचा किती वाटा, हे कुठल्या वहीत आहे?”

पुन्हा मी गप्प. प्रयोगशाळा किरणोत्सार मोजते, तो तिचा विषय. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किनाऱ्यावर येणाऱ्या मासळीचे अंदाज काढते. पण ते निवडक बंदरांच्या नमुन्यांवरून. घिवलीच्या होडीत कोणत्या दिवशी किती टोपल्या आल्या, हे तांडेलांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. औद्योगिक सांडपाण्याचा वाद मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली हरित लवादाकडे नेला, तेव्हा तिथेही पुरावा म्हणून लागले ते नमुने आणि आकडेच. आणि आता इथून जवळच, डहाणू तालुक्यात, वाढवणच्या प्रचंड बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. ते चांगले की वाईट, याविषयी घराघरांत वाद आहेत. त्यात मी शिरत नाही. पण वीस वर्षांनी जेव्हा कोणी विचारील की आधी या समुद्रात काय होते, तेव्हा शपथेवर सांगणारे तांडेल नसतील. आणि असले, तरी शपथ वहीपुढे टिकत नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

तांडेलांची नात नववीत आहे. मी गावातल्याच दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखून दिले : तारीख, तिथी, वारा कुठला, पाणी कसे, बोंबील किती टोपल्या, इतर काय. ती म्हणाली, “आजोबांना विचारून मागच्या महिन्याचंही लिहून टाकू का?”

“नको,” मी म्हणालो. “आजपासून लिही. आणि ज्या दिवशी पाहिलं नसेल, ती ओळ कोरी ठेव. कोणी रागावलं तरी चालेल.”

का, ते तिने विचारले. मग तिला आणि तांडेलांना मी तेलाच्या टाकीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत प्रथमच. तांडेल काही बोलले नाहीत. जरा वेळाने त्यांनी विचारले, “त्या राखणदाराचं पुढं काय झालं?” मला ठाऊक नव्हते. तेही मी कधी लिहून ठेवले नव्हते.

दसऱ्यानंतर मी पुन्हा जाऊन ती वही पाहून आलो. जून आणि जुलैच्या प्रत्येक ओळीत इमाने ‘बंदी’ लिहिले आहे, एकसष्ट वेळा. नारळी पौर्णिमेनंतर आकडे सुरू होतात. कधी तीन टोपल्या, कधी सात, कधी नुसता जवळा. सप्टेंबरात सलग चार ओळी कोऱ्या आहेत. कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘ताप होता. पाहिले नाही.’

यंदा लक्ष्मीपूजनाला ती वही त्यांच्याकडे पाटावर मांडणार आहेत. मला निरोप आला आहे, “नवी वही घेऊन या. ही अजून भरली नाही, पण दुसरी घरात असलेली बरी.”